टिल्डा (~) विसरलो आणि १.० मागे पडलं

डेबियन लिनक्ससाठी पॅकेजिंगचा तिसरा आठवडा. डेब फाइल (म्हणजे तयार पॅकेज) धड बांधली जातेय, अवलंबित्वंही (त्याला लागणारी इतर पॅकेजं) जुळली. अडलो ते चक्क व्हर्जनच्या आकड्यांपाशी.

मागच्या खेपेला १.०आरसी१ चं (१.० च्या आधीच्या चाचणी आवृत्तीचं) पॅकेज करून माझ्या दोन्ही मशीनवर बसवलं होतं. परवा मूळ प्रकल्पाने १.० काढलं. बांधलं, माझ्या रेपोत (पॅकेजांच्या साठ्यात) टाकलं, एपीटी या पॅकेज मॅनेजरने अपग्रेड मारलं. ढिम्म! हाताने डीपीकेजीने (एपीटीच्या खालचं, थेट पॅकेज बसवणारं साधन) बसवायला गेलो, तर वर तंबी: डाउनग्रेड होतंय.

डेबियनमध्ये व्हर्जन डावीकडून तुकड्यातुकड्याने वाचलं जातं, एक तुकडा बिनआकडी, पुढचा आकडी, परत तसंच. आकडी तुकडा पूर्ण संख्या म्हणून मोजतात, म्हणून १.१० हे १.९ च्या पुढचं. माझ्या बाबतीत १.० पर्यंत बरोबरी झाली. पुढे एकीकडे काहीच नाही, दुसरीकडे ‘आरसी’. आणि काहीच नसण्यापेक्षा अक्षर मोठं. आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, हे आपल्याला ठाऊक. डीपीकेजीला त्याचं सोयरसुतक नाही. फक्त टिल्डा रिकाम्या जागेपेक्षाही लहान धरतात. १.०~आरसी१ लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. बॅकपोर्टच्या (पुढच्या रिलीजमधून घेऊन जुन्या रिलीजसाठी बांधलेल्या) पॅकेजांना ~बीपीओ१२+१ असं शेपूट कशाला, तेही आत्ता उमगलं: पुढच्या रिलीजमधलं तेच व्हर्जन त्याच्यावर बिनबोभाट चढावं म्हणून.

पहिला मोह एपोकचा झाला, म्हणजे व्हर्जनच्या पुढे कोलन देऊन लावायचा, तुलनेत सगळ्यात आधी बघितला जाणारा आकडा. १:१.०-१ लिहिलं की सगळ्यांच्या डोक्यावर. पण एपोक एकदा लावला की परत काढता येत नाही, आणि फाइलच्या नावात तो दिसतही नाही. एका विसरलेल्या चिन्हापायी एवढं नको.

सुटका त्याच नियमात सापडली. टिल्डा सोडला तर बाकीची चिन्हं अक्षरांच्या नंतर लागतात, म्हणजे १.०+रियली१.० हे १.०आरसी१ च्या वर. डीपीकेजीच्या ‘कंपेअर-व्हर्जन्स’ला विचारून खात्री केली (ते बोलत काहीच नाही, एक्झिट कोड ० आला की ‘हो’ समजायचं). दिसायला ओंगळ आहे, पण दोन्ही मशीनवर अपग्रेड झालं. १.०.१ आलं की हे शेपूट गळेल, कारण टिंब अधिकच्या चिन्हानंतर लागतं. तेही तपासलंय.

आता वॉच फाइलमध्ये (मूळ प्रकल्पाचं नवं व्हर्जन कुठे शोधायचं ते सांगणारी फाइल) युव्हर्जनमँगलची, म्हणजे सापडलेलं व्हर्जन बदलून लिहिणारी ओळ घालायची आहे, म्हणजे पुढच्या आरसीला टिल्डा आपोआप लागेल. त्यातलं रेगेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) दोनदा चुकलंय.