लॉमोंटाइटला छप्पर नको होतं

मंडळी, खारघरच्या पायाखोदाईतून आणलेला पोकळीवाला धोंडा मागे दाखवला होता, त्याची वाईट बातमी. मध्यंतरी छपराखाली झाडायला गेलो तर पोकळीच्या तोंडाशी पांढरा भुगा. आतल्या लॉमोंटाइट या खनिजाची बोटभर कांडी चिमटीत धरली आणि तिचं पीठ झालं. जीव हळहळला.

आधी वाटलं, टेम्पोचे धक्के बसले. पण मग शेजारच्या स्टिलबाइट या दुसऱ्या खनिजाच्या पेंढ्या जशाच्या तशा कशा? रात्रभर डोकं खाजवल्यावर उलगडलं. लॉमोंटाइटच्या स्फटिकात पाणी असतं, कोरड्या हवेत त्यातलं काही निघून जातं आणि कांड्या उभ्या चिरतात. पावसाळाभर धोंडा उघड्यावर होता, तेव्हा काच कशी तशी चमक होती. ऑक्टोबर हीटमध्ये मीच वर पॉलिकार्बोनेटचं छप्पर चढवलं, आणि खाली भट्टी झाली.

खात्री करायला तीन धड तुकडे घेतले: एक पाण्यात, एक ओल्या कापसासह बरणीत, एक फळीवर. बाराव्या दिवशी फळीवरचा खडूसारखा पांढरा पडून चिरलेला, बाकीचे दोन्ही पारदर्शक! बरणी खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत बसलो.

कांड्यांचा भुगा होऊ नये म्हणून पातळ गोंद पाजायचा सल्ला आला होता. माझं मत ठाम आहे, नको. प्लॅस्टिकसारखी तकाकी येते. खाणीवरचा माणूस ‘ॲसिडने धुवा’ म्हणाला, ते तर अजिबात करू नका. लॉमोंटाइट, स्कोलेसाइट ही खनिजं ॲसिडमध्ये चिकट लगदा होतात.

माझ्या दगडांमधल्या जात्याचं काम मात्र फत्ते. पनवेलच्या पाडलेल्या घरातली वरची पाळू (जात्याचा वरचा दगड) कोरड्या ब्रशने साफ केली, तर चुन्याखाली टाकीच्या (छिन्नीच्या) खुणा निघाल्या, मधल्या भोकाकडून कडेकडे जाणाऱ्या. तिरप्या उन्हात एकेक घाव मोजता येतो. ती आता जांभ्याच्या चिऱ्यांशेजारी ठेवायची.

धोंड्यावर माठातून ठिबक सोडणार होतो, पण शेवाळ धरेल. लिहिता लिहिता सुचलं: माळ्यावरचा फिशटँक उपडा घालायचा, आत पाण्याची वाटी, आणि सगळं कढीपत्त्याच्या दाट सावलीत. आत्ताच टेप लावून आलो. टँक २४ इंच, धोंडा २१. बसतो! पहारी माझ्याकडे आहेत. रविवारी सकाळी बेलापूर-खारघरचं कोणी मोकळं असेल तर हात लावायला या.