स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी ज्येष्ठांचा एमआरआय: टेबलाजवळचा अनुभव

मेंदूतला आठवणी साठवायला लागणारा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस; एका बाजूचा साधारण ३ ते ३.५ घन सेंटिमीटरचा असतो. निरोगी म्हातारपणात तो वर्षाला एक-दीड टक्क्याने आक्रसतो, अल्झायमरमध्ये साधारण तीन ते पाच टक्क्यांनी. म्हणजे वर्षभराने पुन्हा स्कॅन केला की आपण शोधतो तो फरक दोन-तीन थेंब पाण्याएवढा. हे आकडे मी नव्या टेक्निशियनला पहिल्याच दिवशी सांगतो, कारण पुढची सगळी कटकट या आकड्यांपायी असते. मान जरा हलली, वर्षभरात मशीनचं सॉफ्टवेअर बदललं, आजोबा पाणी न पिता आले, की तेवढा फरक कुठल्या कुठे जातो.

पुण्यात एमआरआयच्या कन्सोलवर बसून ज्येष्ठांचे असे अभ्यासाचे स्कॅन मी करतो. काम स्कॅनच्या दिवशी सुरू होत नाही. आधी घरी फोन जातो आणि तो शक्यतो सोबत येणाऱ्या माणसालाच करायचा. पेसमेकर आहे का, मेंदूच्या रक्तवाहिनीला क्लिप लावली आहे का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे का, हे विचारून भागत नाही. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि पेसमेकरचं कार्ड फोटो काढून मागवायचं. 'एमआरआय चालतो' असं डॉक्टरांनी तोंडी सांगितल्याचं कुटुंब सांगतं, पण तो पेसमेकर कुठल्या मॉडेलचा, तारा कुठल्या, जुनी तार आत राहिली आहे का, हे कार्डाशिवाय कळत नाही. मोतीबिंदूची लेन्स, हृदयातला स्टेंट, गुडघ्याचा सांधा यांची लोकांना फार भीती असते. त्यांची नोंद घ्यायची, पण बहुतेक वेळा ते आड येत नाहीत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लेथ, ग्राइंडर किंवा वेल्डिंगवर आयुष्य घालवलेल्यांना मात्र डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का, हे नक्की विचारायचं. उत्तर 'हो, कधीतरी' असलं तरी आधी डोळ्यांचा एक्स-रे.

संमतीपत्राला वेळ द्यावा लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ज्याला समजून निर्णय घेता येत नाही त्याच्या वतीने जवळच्या व्यक्तीची सही चालते. पण मुलाने सही केली आणि आजोबा टेबलावर 'नको' म्हणाले, तर स्कॅन होत नाही. तेव्हाच आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो: हा स्कॅन अभ्यासासाठी आहे, औषधासाठी नाही, पण त्यात पक्षाघाताच्या जुन्या झटक्याची खूण, मेंदूच्या आवरणावरची मेनिंजिओमाची गाठ किंवा कवटीखाली साचलेलं रक्त दिसलं तर कोण, किती दिवसांत, कोणाला कळवणार, हे आधीच लिहिलेलं असतं.

स्कॅनची वेळ शक्यतो सकाळची, आणि पुढच्या वर्षीही सकाळचीच. मेंदूचं मोजलेलं आकारमान सकाळी किंचित जास्त आणि संध्याकाळी किंचित कमी येतं, शरीरात पाणी कमी असलं तरी घटतं. म्हणून नाश्ता करून, रोजच्या गोळ्या घेऊन, नेहमीसारखं पाणी पिऊन या असं सांगतो. लघवीची गोळी चालू असेल तर ती स्कॅननंतर घेता येईल का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावतो. टेबलावर जाण्याच्या पाच मिनिटं आधी टॉयलेट, मग लागली असो वा नसो. अर्ध्या स्कॅनला उठलेला माणूस पुन्हा आडवा झाला तरी डोकं त्याच जागी येत नाही. स्मरणशक्तीच्या चाचण्या स्कॅननंतर लगेच घ्यायच्या नाहीत. दमलेल्या माणसाचे गुण उगाच कमी येतात.

मग धातू. अर्ज भरताना 'अंगावर काही नाही' म्हणणाऱ्यांच्या कमरेला करगोटा, दंडाला ताईत, बनियनच्या खिशात चुन्याची डबी आणि परकराला सेफ्टी पिन निघते. कपडे बदलायला लावणं हाच एक खात्रीचा उपाय. जोडवी आणि बांगड्या साबणाच्या पाण्याने निघतात. चमकी मात्र तीस-चाळीस वर्षांत काढलेली नसते, मळसूत्र गच्च बसलेलं असतं. ती आदल्या दिवशी सोनाराकडून काढून आणायला फोनवरच सांगावं. मंगळसूत्र काढायला एखादी आजी तयार नसते. तिथे वाद न घालता सुनेच्या किंवा लेकीच्या हातात द्यायला सांगितलं की बहुधा जमतं. कवळी काढायची, तारेची असेल तर नक्कीच. तिच्यातला धातू मेंदूच्या टेम्पोरल, म्हणजे कानामागच्या बाजूच्या, भागाच्या टोकाशी चित्र वाकवतो, आणि नेमका तोच भाग आपल्याला हवा असतो.

श्रवणयंत्र बाहेर राहतं, चष्माही बाहेर राहतो. म्हणजे आधीच गोंधळलेला माणूस ऐकू न येता, धूसर नजरेने एका नळीत शिरतो. त्यामुळे जे सांगायचं ते श्रवणयंत्र काढण्याआधी सांगायचं आणि खूण ठरवायची: पायाला एकदा हात लावला की सुरू, दोनदा लावला की संपलं. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून इअरप्लग आणि वरून हेडफोन. मदत हवी असेल तर दाबायला हातात रबरी फुगा द्यायचा, पण तो कशासाठी आहे हे स्मृतिभ्रंश असलेला माणूस दोन मिनिटांत विसरतो. आम्ही नातेवाइकांपैकी एकाला, त्याचीही धातूची तपासणी करून, आत पायाशी बसवतो. झोपेचं औषध अभ्यासाच्या स्कॅनला देत नाही. या वयात त्यानंतर भ्रम होऊ शकतो, तोल जातो, आणि त्यासाठी डॉक्टरांची देखरेख लागते.

पाठीला बाक असेल तर डोकं कॉइलमध्ये, म्हणजे डोक्याभोवतीच्या सिग्नल पकडणाऱ्या पिंजऱ्यात, नीट बसत नाही, हनुवटी वर जाते. गुडघ्यांखाली जाड उशी, खांद्यांखाली दुमडलेली चादर, मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम. फोम घट्ट हवा, पण कानावर दाबणारा नको. दुखलं की माणूस दहाव्या मिनिटाला डोकं काढून घेतोच. भुवयांच्या मध्याची रेषा मशीनच्या केंद्राशी आणायची. केंद्रापासून सरकलेलं डोकं किंचित ताणलेलं दिसतं, आणि पुढच्या वर्षी वेगळीकडे ठेवलं तर ते ताणही बदलतात. चित्रातला हा ताण दुरुस्त करण्याचा मशीनमधला पर्याय प्रत्येक स्कॅनला चालू आहे ना, हे तपासायचं.

सिक्वेन्सच्या, म्हणजे एकामागून एक घेतलेल्या वेगवेगळ्या प्रकारच्या चित्रांच्या, क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे: जागा ठरवणारा झटपट लोकलायझर झाला की लगेच मेंदूची रचना दाखवणारा थ्री-डी टी-वन. चित्राचे तुकडे १ मिलिमीटरचे घन, साधारण पाच-सहा मिनिटं. सगळी मोजमापं याच्यावर होतात, आणि बहुतेक ज्येष्ठ पहिली पंधरा मिनिटंच शांत राहतात. त्यानंतर पांढऱ्या भागातले डाग दाखवणारा फ्लेअर, मग रक्तस्रावाचे बारीक ठिपके दाखवणारा एसडब्ल्यूआय, मग पाण्याच्या कणांची हालचाल टिपणारं डिफ्यूजन. टी-टू हा आणखी एक प्रकार शेवटी. सगळं धरून अर्धा तास. साध्या स्कॅनला चित्र उठावदार करणारं गॅडोलिनियमचं इंजेक्शन लागत नाही. प्रत्येक सिक्वेन्सआधी माइकवर किती मिनिटं ते सांगायचं: 'आजी, आता पाच मिनिटं खटखट होईल, डोळे मिटून पडून राहा, आवंढा गिळायचा असेल तर आत्ता गिळा.' ठसका लागणाऱ्यांसाठी तर हे फारच उपयोगी पडतं.

टी-वन संपला की माणूस टेबलावर असतानाच चित्र मोठं करून बघायचं. हललेल्या चित्रात कवटीच्या कडेला समांतर, एकात एक फिकट कंस दिसतात आणि करड्या-पांढऱ्या भागांमधली सीमा पुसट होते. हे डोळ्याला किरकोळ वाटतं, पण सॉफ्टवेअर त्यातून करडा भाग कमी मोजतं. म्हणजे जो जास्त हलतो त्याचा मेंदू जास्त झिजलेला दिसतो. स्मृतिभ्रंशाची माणसंच जास्त हलतात, त्यामुळे ही चूक नेमकी आपल्याला हव्या त्या बाजूला झुकते आणि लक्षात येत नाही. शंका असेल तर सिक्वेन्स तिथल्या तिथे पुन्हा.

पुढचा टप्पा संगणकावरचा. फ्रीसर्फर हे मेंदूचे भाग मोजणारं सॉफ्टवेअर एका मेंदूला काही तास घेतं आणि शेवटी आकड्यांचा नीटनेटका तक्ता देतं, म्हणून लोक त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. प्रत्येक मेंदूच्या कडा डोळ्याने तपासल्याशिवाय आकडे वापरू नयेत. म्हातारपणी पांढऱ्या भागात जे डाग पडतात ते टी-वनवर गडद दिसतात आणि सॉफ्टवेअर त्यांना करडा भाग समजतं. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फार मोठ्या असतील तर आजूबाजूच्या भागांना सॉफ्टवेअर चुकीची नावं देतं. मेंदूवरचं आवरण कधी कॉर्टेक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या करड्या थरात, धरलं जातं. हिप्पोकॅम्पसचा आकडा कवटीच्या आतल्या एकूण आकारमानाशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर लहान चणीच्या बायका सगळ्या आजारी ठरतील. परदेशी सरासरीशी थेट तुलना करायला मी कचरतो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीयांवरून मेंदूचा नकाशा बनवला, तो आपल्या मेंदूचं सरासरी माप लहान असल्याचं दाखवतो. पण ती तरुण माणसं होती, सत्तरीच्या आजींसाठी तो मापदंड नाही. ज्येष्ठांची भारतीय मापं बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चच्या कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर अभ्यासासारख्या कामांतून गोळा होत आहेत. देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. त्या मानाने मापांचा हा साठा थोडाच.

रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टमध्ये 'वयोमानानुसार झीज' एवढंच असेल तर तो अभ्यासाला आणि घरच्यांनाही निरुपयोगी. हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेल्या उभ्या (कोरोनल) छेदांवरून त्या भागाची झीज सांगणारी शेल्टन्सची ० ते ४ श्रेणी मागावी. ७५च्या आतल्या माणसाला २ आणि त्यापुढच्याला ३ आली की ती वयापेक्षा जास्त धरतात. पांढऱ्या भागातल्या डागांसाठी फाझेकस श्रेणी ० ते ३. मायक्रोब्लीड, म्हणजे रक्तस्रावाचे ते बारीक ठिपके, किती आणि कुठे, हेही. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन हटवणारी नवी औषधं द्यायची का, हे ठरवताना ते लागतं. पडल्यानंतर काही आठवड्यांनी साचलेलं रक्त आणि चालण्यात, लघवीत बिघाड करणारं डोक्यातलं पाणी यांवर उपचार होऊ शकतो, म्हणून ते नाही असंही स्पष्ट लिहिलेलं हवं.

पेट स्कॅनबद्दल थोडक्यात. त्यात एफडीजी हे साखरेसारखं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि ते मेंदूत कुठे किती शिरतं ते बघतात. निदान चार तास उपाशी, औषध साधारण ५ मिलिक्युरी, मग अर्धा तास मंद उजेडात, न बोलता, मोबाइल न बघता. नेमकं इथेच बिघडतं: सोबतचा नातू वेळ जावा म्हणून व्हिडिओ लावून देतो आणि मेंदूचा मागचा भाग उजळतो. साखर फार वाढलेली असेल तर मेंदूत औषध कमी शिरतं आणि चित्र फिकट येतं. ऐन वेळी इन्सुलिन दिलं तर हे औषध मेंदूऐवजी स्नायूंत जातं. मधुमेह्यांना आदल्या आठवड्यातच साखर आटोक्यात आणायला सांगावं.

फाइलमध्ये फिल्म नको, डायकॉमची, म्हणजे मूळ डिजिटल चित्रांची, सीडी हवी. सोबत मशीन, कॉइल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, वेळ आणि चालू गोळ्या. पुढच्या वर्षी तेच मशीन मिळावं म्हणून मी आताच तारीख धरतो. तरी ज्यांचं सगळ्यात जास्त बिघडलेलं असतं तीच माणसं दुसऱ्या स्कॅनला येत नाहीत किंवा टेबलावर पडून राहू शकत नाहीत, आणि उरलेल्यांची सरासरी खऱ्यापेक्षा बरी दिसते. अशांसाठी आम्ही बाकीचा प्रोटोकॉल सोडून फक्त लोकलायझर आणि टी-वन करतो. सात-आठ मिनिटांत बाहेर. तेवढंही जमलं नाही, तर का जमलं नाही हे त्या रकान्यात लिहितो; रकाना कोरा ठेवत नाही.