धर्मयुद्धर

संध्याकाळी सातला फाइल छापखान्यात जायची होती आणि दुपारी अडीचला माझ्या लाल पेनाखाली 'धर्मयुद्धर' हा शब्द आला. वाटलं, अनुवादकाने कुठला तरी जुना शब्द शोधून काढलाय. कानाला अगदी धुरंधरचा धाकटा भाऊ. पुढच्या पानावर 'धर्मयुद्धरांनी वेढा घातला'. मग 'धर्मयुद्धरांचे घोडे'. तेव्हा ट्यूब पेटली.

पुस्तक जेरुसलेमच्या इतिहासाचं, त्या शहरासाठी युरोपातल्या ख्रिस्त्यांनी मुसलमानांशी केलेल्या लढायांनी, म्हणजे क्रूसेडांनी भरलेलं. आदल्या दिवशी संपादकबाई सहज म्हणाल्या होत्या, "क्रूसेडला मराठी शब्द आहे की, धर्मयुद्ध." आमच्या डीटीपीवाल्या पोराने एका फटक्यात फाइंड-रिप्लेस मारलं. प्रत्येक क्रूसेडरचा शेवटचा र तेवढा मागे राहिला.

"उलटं मारू का?" त्याने विचारलं. मारणारच होता. पण अनुवादकाने जिहादलाही जागोजागी धर्मयुद्धच लिहिलं होतं. उलटं मारलं असतं तर ११८७ साली जेरुसलेम परत घेणारा मुसलमान सुलतान सलाउद्दीनच क्रूसेडला निघाला असता!

मग मूळ हस्तलिखित मांडीवर घेऊन एकेक जागा तपासत, 'धर्मयुद्धर'चा 'धर्मयोद्धा' करत बसलो. १२०४ सालापाशी अडलो. तिथे या मंडळींनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं. शहर ख्रिस्ती, लुटणारेही ख्रिस्तीच. 'धर्मयोद्ध्यांनी चर्चमधली चांदी पळवली' असं लिहायला हात धजेना.

बाईंना म्हटलं, धर्मयुद्ध म्हटलं की आपल्याला कुरुक्षेत्र आठवतं, सूर्यास्तानंतर थांबणारी लढाई आठवते. हे लोक कापडाचा क्रूस कपड्यावर शिवून निघाले होते, लॅटिनमध्ये त्यांना 'क्रूसाची खूण ल्यालेले' म्हणत. आणि क्रूस हा तर पोर्तुगिजांकडून आलेला, मराठीत मुरलेला शब्द. क्रूसेडरमध्ये तो दिसतो तरी. धर्मयोद्ध्यात तो पुसला जातो. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "ठेवा क्रूसेडर. पण आयझेनहॉवरचं काय?" शेवटच्या प्रकरणात या अमेरिकी सेनापतीचा ६ जून १९४४चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर उतरणाऱ्या सैनिकांना दिलेला संदेश होता, त्यातलं 'ग्रेट क्रूसेड'. तिथे क्रूसही नाही, जेरुसलेमही नाही. 'महान मोहीम' केलं आणि पुढे गेलो.

सहा वाजता पोराने स्क्रीनवरून मान वर केली. "सर, अरब इतिहासकार ह्यांना फिरंज म्हणायचे, असं लिहिलंय. म्हणजे आपली फिरंग?"

हा दर रविवारी गड चढणारा गडी. फिरंग म्हणजे युरोपी पात्याची सरळ तलवार, हे मला सांगायची गरजच नव्हती. फ्रँक म्हणजे पश्चिम युरोपातले लोक, त्याचं अरबीत फिरंज, फारसीत फरंगी, आपल्याकडे फिरंगी. आणि त्यांच्याकडून आलेल्या पात्याची ती फिरंग. सलाउद्दीनच्या छावणीतला शब्द आपल्या शस्त्रागारात लटकत होता आणि इतकी वर्षं प्रुफं वाचून माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"मग सगळीकडे फिरंगीच टाकू?"

त्याचा हात कीबोर्डकडे गेला होता. मी तो धरला.