आधी सांगा, पाणी कुठलं?

"काकू, केस पार खराट्यासारखे झालेत. पार्लरचं नको, घरातलंच काहीतरी सांगा की." हे मला हळदीकुंकवात विचारतात, जिन्यात विचारतात. परवा मिरजेच्या एसटीत शेजारच्या मुलीनं विचारलं आणि मी निम्म्यात असतानाच तिचा स्टॉप आला. आता तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

मी आधी विचारते, डोक्यावरून पाणी कुठलं घेता? सांगलीत गावभागात होतो तेव्हा नळाला कृष्णेचं पाणी यायचं. विश्रामबागेच्या पुढं अपार्टमेंटमध्ये राहायला आलो आणि वापरायला बोअर आलं. वर्षभरात बादलीला आतून पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर क्षाराचे पापुद्रे, आणि माझे केस राठ. मी तेल बदललं, शांपू बदलला. मे महिन्यात वाईला माहेरी पंधरा दिवस राहिले. तेल तेच, शांपू तोच, पण आठवडाभरात फणी सरसर फिरायला लागली. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबण फाटतो, ते केसांना तरी कसं मानवेल? त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसावर बसतं आणि केस हाताला खरखरीत लागतो. तेव्हापासून डोकं बोअरच्याच पाण्यानं धुते, पण शेवटचे दोन तांबे प्यायच्या नळाचे घेते.

आता घरगुती उपायांचं. मुळाच्या वर आलेला केस निर्जीव असतो. जखम भरते तसा तो भरून येत नाही. फाटे फुटलेलं टोक कुठल्याही लेपानं जुळत नाही, ते कापायलाच लागतं. हे ऐकून मुली नाराज होतात, पण मी खोटं कशाला सांगू? दिराच्या लग्नात मी केस सरळ करून घेतले होते. चार महिन्यांत ते मधेच तुटायला लागले. घाबरून मी कुणी काय सांगेल ते केलं. लिंबाचा रस नुसताच चोळला, खायचा सोडा लावला. सोड्यानं केसाचे खवले उघडतात आणि केस आणखी खडबडीत होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. अंडं लावून कढत पाण्यानं धुतलं, तर ते केसातच शिजलं. अंड्यातलं प्रथिन आकारानं एवढं मोठं असतं की ते केसाच्या आत जातच नाही. शेवटी खांद्यापर्यंत कापले. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, त्यामुळं पुन्हा लांब व्हायला दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत जे टिकलं तेच मी सांगते. पहिलं खोबरेल, लाकडी घाण्याचं मिळालं तर उत्तम. बरीच तेलं केसावर नुसती बसतात, खोबरेल मात्र आत शिरतं. न्हाताना केस पाणी पिऊन फुगतो, वाळला की आकसतो आणि त्यातच झिजतो. आधीच तेल मुरलेलं असलं की तो पाणी कमी पितो. म्हणून तेल न्हायच्या आधी दोन-तीन तास लावायचं, आणि टाळूपेक्षा शेंड्यांना जास्त. दोन चमचे पुरतात. एरंडेल दाट, त्यानं माझ्या केसांचा गुंता झाला, मी सोडून दिलं.

दुसरं, जास्वंदीची पानं. माझा सगळा जीव यात आहे. पंधरा-वीस पानं धुऊन कोमट पाण्यात घालायची आणि हातानं कुस्करत राहायचं. सुरुवातीला नुसता पाला हाताला लागतो. मग पाणी जड होतं, बोटांमधून तार सुटते आणि पातेल्यात हिरवा बुळबुळीत रस जमतो. तो जुन्या मलमलीतून गाळायचा, नाहीतर पानांचा चुरा दोन दिवस केसांतून निघत राहतो. ओल्या केसांना पंधरा मिनिटं लावून धुतला की गुंता आपोआप सुटतो, कारण तो बुळबुळीतपणा केसावर पातळ थर धरतो आणि केस केसाला घासत नाही. भिजवलेल्या मेथीचंही तसंच, फक्त वास दिवसभर राहतो.

शिकेकाई-रिठ्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. रिठा चांगलाच फेसाळतो, बोअरच्या पाण्यातसुद्धा, पण कोरड्या केसातलं उरलंसुरलं तेलही काढून नेतो. रिठे दोनच घाला, शिकेकाई आणि आवळकाठी जास्त.

ओले केस विंचरू नका. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, सुती पंच्यात गुंडाळून पाणी टिपून घ्या. आणि केस मुळापासून मूठमूठ जात असतील, चकत्या पडत असतील, तर माझ्याकडे येऊ नका. डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या.

एसटीतल्या त्या मुलीला मी जास्वंदीपर्यंतच सांगितलं होतं. आमच्या गेटजवळ लाल जास्वंद आहे, कुणीही या आणि पानं न्या. फक्त खालच्या फांद्यांची तोडा. वरच्या कळ्या सकाळी गणपतीला लागतात.