माणूस गेला, त्यातलं काय गेलं?

नागपूरहून धापेवाड्याला पायी जाणाऱ्या दिंडीत यंदा मी पहिल्यांदाच चालले. फेटरीपर्यंत पाऊस नुसता भुरभुरत होता, कळमेश्वरच्या अलीकडे त्यानं झोडपून काढलं. धापेवाडा ही आमची विदर्भाची पंढरी. तिथे चंद्रभागा आहे, विठ्ठल-रखुमाई आहेत, कोलबास्वामींची परंपरा आहे. आषाढी पौर्णिमेनंतर पंढरपूरचा विठोबा इथे येतो, अशी लोकांची श्रद्धा.

माझे मिस्टर हिवाळ्यात गेले. तेव्हापासून जो भेटेल तो सांगायचा, मन रमव, वेळ जाऊ दे. सगळे मायेनंच सांगायचे. पण संध्याकाळ झाली की छातीत जो दगड बसायचा, तो काही हलत नव्हता.

दिंडीत माझ्या शेजारी सावनेरकडच्या एक आजी चालत होत्या, डोक्यावर तुळस. चहाच्या मुक्कामावर मला रडू आलं. त्यांनी गप्प केलं नाही. म्हणाल्या, "रड बाई. पण मले एक सांग, मानूस गेला हे तं समजलं. त्याच्यातलं काय गेलं?"

मला उत्तर देता येईना. दोनेक किलोमीटर आम्ही नुसत्या टाळांच्या ठेक्यावर चाललो. मग माझ्या तोंडून निघालं, "आजी, मी घरी किती वाजता येणार, हे विचारणारं कुणी उरलं नाही."

"हां," त्या म्हणाल्या, "आता सापडलं."

चिलीचे अर्थशास्त्रज्ञ मॅन्फ्रेड मॅक्स-नीफ यांची मांडणी मला त्या रस्त्यावर खऱ्या अर्थानं कळली. माणसाच्या मूलभूत गरजा थोड्याच असतात असं ते सांगतात, त्यांनी नऊ मोजल्या: उपजीविका, संरक्षण, माया, समजून घेणं, सहभाग, निवांतपणा, नवनिर्मिती, ओळख, स्वातंत्र्य. गरजा ठरलेल्या, त्या भागवण्याचे मार्ग मात्र असंख्य. दुःखात आपण या दोहोंची गाठ मारून टाकतो. मला वाटत होतं, मला फक्त माझे मिस्टरच हवेत. ते तर हवेतच, ती जागा कुणीच भरणार नाही. पण 'कुणीतरी माझी वाट पाहतंय' ही गरज वेगळी काढून पाहिली, तेव्हा तिला दुसरी वाट असू शकते हे दिसलं. दिंडीत ती रोज भागतही होती. कोण मागे राहिलं, कुणाच्या पायाला फोड आला, हे पाहिल्याशिवाय आमचे वीणेकरी पुढे सरकत नसत.

सगळ्यांचंच दुखणं असं विचारपूस करून हलकं होत नाही, हेही सांगायला हवं. आमच्यात कापूस पिकवणारे एक भाऊ होते. रात्री झुणका-भाकर खाताना ते बोलले, दुबार पेरणीचं, उधारीच्या बियाण्याचं. त्यांना कुणीतरी धीर धरा म्हणालं, त्याचा मला राग आला. त्यांची गरज उपजीविकेची आहे. तिला पैसा लागतो, पिकाला भाव लागतो. तिथे अभंग गाऊन भागवायला जाणं म्हणजे भुकेल्याला पाण्यावर निजवणं. त्या रात्री दिंडीतल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी त्यांच्या कर्जाचे कागद मागवून घेतले. त्या भाऊंचा चेहरा सैल झाला तो तेव्हा, कीर्तनात नव्हे.

धापेवाड्यात दर्शनाच्या रांगेतूनच मी पुण्याला मुलीला फोन लावला. एरवी मी "बरी आहे" म्हणून ठेवून देते. या वेळी सांगितलं, "मला रोज सातला विचारत जा, 'आई, घरी पोचलीस का?'"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला रोज विचारावंसं वाटायचं गं. तू रडशील म्हणून टाळायची."

आता सातला फोन येतो. कधी मी रडते, कधी ती रडते, आणि मग जेवायला काय केलं, ते दोघी एकमेकींना सांगतो.