डिकीतला आवाज

माझं काम म्हणजे गाण्याचे शब्द आवाजाबरोबर जुळवायचे, कुठली ओळ कितव्या सेकंदाला सुरू होते ते लावायचं, आणि सोबत एक शीट भरायची ज्यात शिवीगाळ, हिंसा, लैंगिक, नशा, द्वेष असे पाच रकाने असतात आणि प्रत्येकात शून्य ते तीन आकडा टाकायचा. शेवटी एक टीप, दोनशे अक्षरांची. बहुतेक दिवस हे काम यांत्रिक असतं, प्रेमाची गाणी, शून्य शून्य शून्य, पुढे चला. त्या दिवशी क्यूमधे एमिनेम या अमेरिकन रॅपरचं 'कर्टन कॉल: द हिट्स' आलं. डिसेंबर २००५ मधे निघालेला त्याचा पहिला हिट्सचा संग्रह, सतरा ट्रॅक, त्यातला पहिला नुसता इंट्रो.

मशीननं आधीच शीट भरलेली असते, ते आम्ही फक्त तपासायचं. ते शब्द ओळखतं, अमुक शिवी आली की तमुक आकडा. सतराच्या सतरा ओळी लाल होत्या. आमच्या लीड मॅडम, ज्यांना आम्ही सगळे ताईच म्हणतो, जाता जाता म्हणाल्या, "अगं त्याला काय ऐकायचंय, सगळ्याला एक्स्प्लिसिट लाव आणि मोकळी हो, कव्हरवर स्टिकर आहेच की." चूक नव्हती त्यांची, क्यू लांब होता. आणि तो काळा-पांढरा स्टिकर तरी काय, १९८५ मधे अमेरिकेत आयांच्या एका गटानं आवाज उठवला तेव्हापासून रेकॉर्ड कंपन्या इशारा छापतायत, त्यात आत किती आणि कोणासाठी वाईट आहे हे कुठं लिहिलेलं असतं. पण मी हेडफोन लावला, कारण न ऐकता सही करायची नाही हा माझा एकच नियम आहे आणि तो मी आजवर मोडलेला नाही.

दुसरा ट्रॅक, 'फॅक', त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. या संग्रहासाठी नवीन केलेल्या तीन गाण्यांपैकी एक, आणि सतरांत सगळ्यात टाकाऊ. लैंगिक तीन, पुढे.

'माय नेम इज' मात्र मी दोनदा ऐकलं. १९९९ चं गाणं, ज्यानं तो घराघरात पोचला. खाली जो ठेका वाजतो तो लॅबी सिफ्रे या ब्रिटिश गायकाच्या १९७५ च्या गाण्यातला आहे. सिफ्रे स्वतः समलिंगी, आणि त्यानं परवानगी द्यायच्या आधी शब्द मागवून घेतले, त्यात बायकांवर आणि समलिंगी माणसांवर केलेले विनोद बघितले आणि सांगितलं की हे काढा, नाहीतर माझा सँपल, म्हणजे गाण्याचा तो तुकडा, मिळणार नाही. त्याचं म्हणणं असं की ज्यांना आधीच सगळे झोडपतात त्यांनाच झोडपणं हे आळशी लिखाण आहे. शब्द बदलले गेले. मला हे फार पटतं. त्यानं बंदीची भाषा केली नाही, एका लिहिणाऱ्यानं दुसऱ्या लिहिणाऱ्याला सांगितलं की तुला याहून चांगलं लिहिता येतं.

'द रिअल स्लिम शेडी'चा किस्सा तर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं पाठ करावा असा आहे. २००१ मधे अमेरिकेच्या एफसीसीनं, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकानं, कोलोरॅडोतल्या एका रेडिओ स्टेशनला या गाण्यासाठी सात हजार डॉलरचा दंड ठोठावला. स्टेशननं मूळ गाणं वाजवलंच नव्हतं, शिव्या काढलेलं क्लीन व्हर्जन वाजवलं होतं! आयोगाचं म्हणणं, शब्द काढले तरी अर्थ कळतोच. पुढे जानेवारी २००२ मधे दंड मागे घेतला. तेव्हा शब्द म्हणजेच गाणं का, हा प्रश्न काही आमच्या शीटनं पहिल्यांदा काढलेला नाही.

एक सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं खोटं वाटेल. हा माणूस विलक्षण लिहितो. शब्द जुळवताना मला प्रत्येक अक्षराच्या जागी कर्सर न्यावा लागतो, म्हणून यमक कुठं पडतं ते मला डोळ्यांना दिसतं, आणि 'लूज युवरसेल्फ'मधे ते ओळीच्या शेवटी थांबतच नाही, मधे येतं, परत येतं, तीन-तीन अक्षरांची यमकं एकमेकांत विणलेली, अख्खा परिच्छेद एकाच स्वरावर चालतो आणि तरी कुठंही ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही. 'एट माइल' या सिनेमाच्या शूटिंगच्या मधल्या वेळात त्यानं ते लिहिलं, आणि २००३ मधे ऑस्कर मिळवणारं ते पहिलं रॅप गाणं ठरलं. 'द वे आय अ‍ॅम'मधे तर श्वास घ्यायला जागा सापडत नाही. मला हे ऐकायला आवडतं, अगदी मनापासून आवडतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं मला जास्त लागलं.

'गिल्टी कॉन्शन्स'. डॉक्टर ड्रे हा रॅपर आणि निर्माता माणसाच्या मनातला चांगला आवाज आणि एमिनेम वाईट आवाज, तीन प्रसंग, तीन माणसं मोहाच्या काठावर उभी. दुसरा प्रसंग पार्टीतल्या अल्पवयीन मुलीचा आहे, तिथं मशीननं लैंगिक दोन दिला होता, मी तीन केला, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण खरी गोष्ट तिसऱ्या प्रसंगात आहे. बायकोला दुसऱ्याबरोबर पकडलेला नवरा, ड्रे त्याला म्हणतो हिंसा करू नको, आणि एमिनेम ड्रेला टोमणा मारतो की तू कोण सांगणारा, आणि एका बाईचं नाव घेतो. डी बार्न्स. ही बाई खरी आहे. टीव्हीवर हिपहॉपचा कार्यक्रम करणारी पत्रकार, जिला १९९१ मधे एका पार्टीत ड्रेनं मारलं होतं, कोर्टात त्यानं आरोपाला आव्हान दिलं नाही. गाण्यात ते नाव पंचलाइन म्हणून येतं, ड्रे चिडतो, आणि बघता बघता चांगला आवाजही म्हणतो, मार त्यांना.

त्या सेकंदाला मशीनच्या रकान्यांत काय होतं? शून्य. बरोबरच आहे, एक नाव आणि एक आडनाव, त्यात शिवी कुठाय. आजूबाजूच्या सगळ्या शिव्या लाल रंगात आणि मधेच एका मार खाल्लेल्या खऱ्या बाईचं नाव स्वच्छ पांढरं. मी बराच वेळ त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत बसले. गाणं लिहिणाऱ्यानं तरी हे जाणूनबुजून केलं, ड्रेचा दांभिकपणा त्याच्याच गाण्यात उघडा पाडला, त्याला एक धाडस आहे हे मी मान्य करते. पण ते धाडस दोन पुरुषांमधलं आहे आणि त्याची किंमत तिनं मोजलीय. गाणं लागलं की दरवेळी तिचं नाव वाजतं.

इथून पुढे मी मशीनचे आकडे बघायचंच बंद केलं आणि पहिल्यापासून फक्त ऐकत सुटले.

'स्टॅन' यादीत पाचवं आहे पण मी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. गाणं पावणेसात मिनिटांचं. एक वेडा चाहता पत्रं लिहितो, उत्तर येत नाही, तो बिथरत जातो. मधे डायडो या ब्रिटिश गायिकेच्या 'थँक यू'चं कडवं, जे मूळ गाण्यात पुढे आनंदाकडे वळतं, पण यात फक्त सुरुवातीचा उदास भागच घेतलाय, ते वळण कधी येतच नाही. हे गाणं इतकं मुरलं की २०१९ मधे मेरियम-वेबस्टर डिक्शनरीत 'स्टॅन' हा शब्द आला, कट्टर चाहता या अर्थानं, आणि आज मुलं तो हसत हसत वापरतात.

हेडफोन चांगला असेल तर गाण्यात बाकीचंही खूप काही ऐकू येतं. पाऊस पडतोय. कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज, खर्र खर्र, पहिली दोन पत्रं त्या आवाजावर चालतात. तिसरं पत्र नाहीच, ती कॅसेट आहे, तो गाडी चालवता चालवता बोलून भरतोय, दारू आणि गोळ्या घेतलेल्या, वायपर फिरतोय. आणि मागून, दबलेला, पत्र्याच्या आड असल्यासारखा, बाईचा ओरडण्याचा आवाज. त्याची गरोदर मैत्रीण गाडीच्या डिकीत बांधून टाकलेली आहे.

माझ्यासमोर लिरिक्सची फाइल उघडी होती. त्यात त्याचा प्रत्येक शब्द होता, टाइम लावून. तिचं काहीच नव्हतं. असणार कसं, किंकाळीला शब्द नसतात, आणि शब्द नाही म्हणजे ओळ नाही, ओळ नाही म्हणजे टाइम नाही, आकडा नाही, काही नाही. ज्याला ऐकू येत नाही असा माणूस आमचे शब्द वाचत हे गाणं समजून घेईल तर स्टॅन तिला गप्प बस म्हणतो एवढं त्याला वाचायला मिळेल, पण ती ओरडत होती हे त्याला कधीच कळणार नाही.

मी ते परत लावलं. आणि परत. चौथ्या-पाचव्या मिनिटाच्या मधे, तो बोलताना श्वास घ्यायला थांबतो तिथं ती जास्त स्पष्ट येते. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, एमिनेमचा नाही, कारण त्यानं तिचा आवाज ठेवलाय, कुणीतरी स्टुडिओत बसून तो बरोब्बर त्या जागी बसवलाय, ऐकणाऱ्याला नीट बसता येऊ नये म्हणून. राग आमच्या शीटचा आला.

याच संग्रहात 'किम' नाही हे पण मला तेव्हाच जाणवलं. 'स्टॅन'च्याच अल्बमवर, २००० सालच्या 'द मार्शल मॅदर्स एलपी'वर, ते गाणं आहे ज्यात तो स्वतःच्या बायकोचं नाव घेऊन तिला ठार मारतो, तिथं मधे कुठलं पात्र नाही, अंतर नाही. हिट्समधे ते येणार नाही हे उघड आहे, ते सिंगल नव्हतंच. पण परिणाम असा होतो की जो फक्त हा संग्रह ऐकतो त्याला वाटतं की हिंसा करणारा तो स्टॅन होता, गाणारा तर शेवटच्या कडव्यात त्याला समजावून उत्तर लिहिणारा शहाणा माणूस आहे. निवड हीसुद्धा एक प्रकारची क्लीन व्हर्जनच असते.

'क्लीनिंग आउट माय क्लॉझेट' आईवरचं. हे ऐकताना नेहमी पोटात खड्डा पडतो, इतका राग पोटच्या पोरानं जगासमोर ओतलेला. त्यानं २०१३ मधे 'हेडलाइट्स' नावाचं गाणं करून आईची माफी मागितली, आणि हे जुनं गाणं मी आता कार्यक्रमात म्हणत नाही, रेडिओवर लागलं तरी अंग आक्रसतं असं त्यातच सांगितलं. पण संग्रह २००५ चा आहे, त्यात राग आहे आणि माफी नाही, आणि आजही कोणी पहिल्यांदा ऐकेल तर रागच ऐकेल. मी टीपेत ते लिहिलं, दोनशे अक्षरांत बसवायला चार वेळा खोडलं.

'लाइक टॉय सोल्जर्स'च्या वेळी थोडा वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. भांडणं थांबवा, माणसं मरतील असं सांगणारं गाणं, त्याच्या व्हिडिओत एमिनेमचा जिवलग मित्र प्रूफ गोळी लागून मरतो असं दाखवलंय. हा संग्रह निघाल्यावर चार महिन्यांनी, एप्रिल २००६ मधे, डेट्रॉइटच्या एका क्लबमधे प्रूफ खरंच गोळी लागून गेला. या गाण्याला मशीननं हिंसा तीन दिला होता, 'स्टॅन'ला एक.

संध्याकाळी ताई विचारायला आल्या की एवढा वेळ कशाला लागला. मी म्हटलं, "ताई, एक मिनिट ऐका फक्त." त्यांनी हेडफोन लावला, मी 'स्टॅन' तिसऱ्या पत्राच्या सुरुवातीला नेऊन लावलं. स्क्रीनवर त्याच्या ओळी सरकत होत्या. ताई आधी ओळी वाचत होत्या, मग त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली आणि हेडफोन हातानं कानावर दाबून धरला. कडवं संपलं तरी त्या काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, "ही कोण आहे?"

"त्याची मैत्रीण. डिकीत."

"नाव काय तिचं?"

"नाव नाहीये तिला गाण्यात. पोटात मूल आहे, मुलगी झाली तर तिचं नाव काय ठेवायचं ते मात्र त्यानं पहिल्याच पत्रात लिहिलंय."

ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, माझ्या बाजूची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "शीटमधे एक रकाना वाढव. शब्द नसलेले आवाज." आम्ही दोघींनी मिळून ते कडवं परत ऐकलं, आणि तिचा आवाज जिथं जिथं येतो तिथं मी टाइम लावला. हिंसा एकचा तीन केला. 'गिल्टी कॉन्शन्स'च्या त्या पांढऱ्या चौकोनातही टीप गेली, खऱ्या व्यक्तीचं नाव, तिच्यावर झालेल्या मारहाणीचा संदर्भ.

सतरावा ट्रॅक राहिला होता. तेही 'स्टॅन'च, फेब्रुवारी २००१ च्या ग्रॅमी सोहळ्यातलं, डायडोच्या जागी एल्टन जॉन. बाहेर समलिंगी हक्कांसाठी लढणारे लोक एमिनेमच्या शब्दांचा निषेध करत होते आणि आत एक उघडपणे समलिंगी असलेला गायक त्याच्याबरोबर गात होता. ताई म्हणाल्या, "आधीचीच नोंद कॉपी कर, शब्द तर तेच आहेत." मी कर्सर नेला, मग थांबले, आणि आम्ही तेही पहिल्यापासून लावलं.