चिप डिटेक्टरला न दिसलेली भेग

29 एप्रिल 2016. उत्तर समुद्रातल्या गुलफाक्स-बी तेल प्लॅटफॉर्मवरून 11 प्रवासी आणि 2 वैमानिकांना घेऊन ईसी-225 सुपर प्यूमा हेलिकॉप्टर नॉर्वेतल्या बर्गनकडे परतत होतं. किनारा आलाच होता. ट्युरॉय बेटाजवळ, दोनेक हजार फुटांवर, मुख्य रोटर, म्हणजे वरची फिरणारी पाती, हेलिकॉप्टरपासून सुटला. तेराच्या तेरा जण गेले.

मी मुंबई हायवर कॉम्प्रेसर सांभाळतो. जुहूहून चॉपरनं जायचं, चॉपरनंच यायचं. हुएटच्या, म्हणजे बुडत्या हेलिकॉप्टरमधून सुटण्याच्या, ट्रेनिंगमध्ये आम्हाला पाण्यात उलटं करून खिडकीतून बाहेर पडायला शिकवतात. इंजिन बंद पडलं तरी खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि चॉपर उतरवता येतं, हेही आम्हाला ठाऊक. पण पातीच नसतील, तर वैमानिकाच्या हातात काय उरतं? त्या अपघाताच्या तपास अहवालातली ही गोष्ट वाचताना माझे हात गार पडले होते.

दोष मुख्य गिअरबॉक्समध्ये होता. इंजिनाचा वेग टप्प्याटप्प्यानं कमी करून तो रोटरला फिरवतो. दुसऱ्या टप्प्यात आठ प्लॅनेट गिअर, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणारे गिअर, असतात. त्यातल्या एकाच्या आतल्या बाजूला, जिथे बेअरिंगचे रोलर फिरतात, तिथे एक बारीकसा खड्डा पडला. तिथून भेग पृष्ठभागाखाली शिरली आणि आतल्या आत दातांच्या दिशेनं वाढत गेली. फुटलेल्या गिअरचे जे दोन तुकडे सापडले, ते जोडून अर्धाच गिअर होत होता.

आमच्या कामात तेलातल्या प्लगच्या चुंबकावर धातूचा कीस दिसला की मशीन बोलायला लागलं असं आम्ही म्हणतो. बोटावर घेऊन चोळायचा, चकाकणारा पापुद्रा आहे की नुसती काळी बुकणी ते बघायचं. हेलिकॉप्टरच्या चिप डिटेक्टरचंही तत्त्व हेच. पण ही भेग फारसा कीस पाडत नव्हती. कॉकपिटमध्ये दिवा लागला नाही, कंपनाच्या नोंदींतही इशारा नव्हता.

मला खरा राग येतो तो 2009 मुळे. 1 एप्रिलला स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर याच घराण्यातल्या सुपर प्यूमाचा दुसऱ्या टप्प्यातलाच प्लॅनेट गिअर फुटला होता. रोटर सुटला, 16 माणसं गेली. त्या वेळी निदान काही दिवस आधी डिटेक्टरवर एक कण सापडला होता. त्याचा अर्थ नीट लागला नाही. मग तपासण्या वाढवल्या, पण गिअरची रचना तशीच राहिली. सोळा माणसं गेल्यावर फक्त कीस जास्त वेळा बघायचा, हे मला पटत नाही. जो भाग एकटा तुटला तरी सगळं संपतं, त्याचं आयुष्य आधीच कमी धरायला हवं होतं. ते झालं 2016 नंतर: दोन प्रकारच्या गिअरपैकी एकच ठेवला आणि तो लवकर बदलायचा ठरलं.

अपघातानंतर या हेलिकॉप्टरांवर घातलेली बंदी 2017 मध्ये ब्रिटन आणि नॉर्वेनं उठवली. तरी तिथल्या अनेक कामगारांचा त्यात बसायला विरोध होता, आणि तेल कंपन्यांनीही ती परत आणली नाहीत. मी त्यांच्या बाजूनं आहे.